सगळ्या छावणीचं एकच कुलूप

आश्रुबाकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. दूध सोसायटीचा सचिव म्हणून गावात त्याला मान होता. त्या वर्षी दुष्काळात सोसायटीने गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी उघडली, तेव्हा तो मानही माळावर राहायला आला. वर हिरवं शेडनेट, खाली दावणी, दावणीला गावातली आणि आसपासच्या वाड्यांवरची जनावरं, आणि जनावरांशेजारी खाटा टाकून राहिलेली त्यांची माणसं. पाणी टँकरचं, चारा सरकारी, आणि वीज फक्त एका ठिकाणी, आश्रुबाच्या पत्र्याच्या खोलीत.

त्या खोलीत भिंतीला एक फळी ठोकलेली होती आणि फळीवर वायरींचा गुंता होता. सकाळी धारा झाल्या की माणसं आपापले फोन आणून फळीवर ठेवायची आणि चाऱ्याच्या रांगेला लागायची. कुणाचा फोन कुठला ते कळावं म्हणून पाठीवर चिकटपट्टी लावून नाव टाकलेलं असायचं. फोनला कुलूप असायचं, पण ते असून नसल्यासारखं. बहुतेकांचे फोन आश्रुबानेच सुरू करून दिलेले होते आणि त्याने सगळ्यांना एकच पॅटर्न घालून दिला होता. वरून बोट खाली आणायचं आणि तळाला उजवीकडे वळायचं. 'विळा काढा,' असं तो सांगायचा. हातात जन्मभर विळा धरलेल्यांना ते लगेच जमायचं. सगळ्या छावणीचं कुलूप एक, आणि त्याची किल्ली आश्रुबाच्या बोटात.

कर्नाटकात, सांगली-कोल्हापुराकडे उसाला गेलेल्या पोराबाळांचे मेसेज यायचे. लिहिण्यावाचण्याची भानगड नको म्हणून सगळे आवाजच पाठवायचे. फोन वाजला की आश्रुबा दारात येऊन हाळी द्यायचा, "मुक्ताकाकू, आवाज आलाय!" मग ज्याचा फोन तो यायचा, आणि त्याच्यासमोरच आश्रुबा विळा काढायचा. मालक समोर नसताना काढायचा नाही, असा नियम कुणी केला नव्हता, पण तो होता. असल्या नियमांची कुणी आठवण करून देत नाही, म्हणूनच ते मोडायला सोपे असतात.

छावणीत खाटा पुष्कळ होत्या, पण राजकारणाच्या दोनच. एक सोसायटीचे चेअरमन सुंदरराव यांची. ते सत्तेतल्या पक्षाचे. दुसरी त्रिंबकची. तो विरोधातला, आणि रास्ता रोको म्हटलं की जेवण टाकून निघणारा. संध्याकाळी कोण कुठल्या खाटेवर टेकलंय ते पाहून मतं मोजून घ्यावीत. जनावरांना तेवढा अजून पक्ष नव्हता.

त्या दिवसांत बातम्यांत एकच काहूर उठलं होतं. सरकारने लोकांचे फोन उघडावेत का, मेसेज वाचावेत का. मोबाईलवर दोन माणसं एकमेकांवर ओरडायची आणि ती थकली की माळावर त्रिंबक आणि सुंदरराव सुरू व्हायचे.

"उद्या तुमी बायकोला काय बोललात ते बी सायबाच्या टेबलावर जाईल," त्रिंबक उभा राहून सांगत होता. "निजामाच्या राज्यात बी असं झालं न्हवतं!"

"निजामाच्या राज्यात तुझ्या आज्याकडं फोन होता का बे?" सुंदरराव म्हणाले. दोन्ही खाटा हसल्या. "अरे, सरकारला दुसरी कामं न्हाईत का? मुक्ताबाईच्या फोनात मुंडकं घालून बसलंय व्हय सरकार?"

मुक्ताबाई म्हशीखालचं शेण ओढत होती. तिने नुसतं वर पाहिलं.

आश्रुबाला गप्प बसवेना. तो सुंदररावांच्या खाटेवरून उठला, आपला फोन काढला आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "ज्याच्या मनात काळंबेरं न्हाई त्यानं कावून भ्यावं? ह्यो घ्या माझा फोन. उघडा. वाचा."

"घेतला आस्ता बाबा," म्हातारा धोंडीराम म्हणाला, "पर मला वाचता कुठं येतंय?"

पुन्हा हशा झाला. हशा ओसरल्यावर मुक्ताबाई हळूच बोलली, "पर आमचं बोलणं ऐकून त्यान्ला मिळायलंय काय?" एवढ्यात टँकरचा भोंगा वाजला आणि सगळे घागरी घेऊन पळाले.

त्यानंतर काही दिवसांनी मंत्री छावणी बघायला येणार असल्याचं कळलं, येत्या बुधवारी. आणि मंत्र्यांच्या आधी एक हवालदार आला. साध्या कपड्यातला, गोड बोलणारा, गोपनीय शाखेचा. सुंदररावांनी त्याला आश्रुबाच्या खोलीत आणून बसवलं आणि आपण काम असल्यासारखे निघून गेले. हवालदाराने चहा घेतला, फळीवरच्या फोनांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सचिवसाहेब, अख्खी छावणी तुमच्या हातात दिसायलीय."

आता या माणसाला आजवर 'साहेब' कुणी म्हटलं नव्हतं. गावात तो 'आश्रुबा', सोसायटीत 'ओ सचिव'. त्या एका शब्दाने तो पाघळला, हे सांगायला लाज वाटते, पण तेवढंच घडलं. कुणी धमकावलं नाही, कुणी काही देऊ केलं नाही. हवालदार एवढंच म्हणाला, की काळे झेंडे दाखवायचं कुणाच्या मनात आहे का, बाहेरून कोण येणार आहे, जरा कानावर आलं तर सांगा. सरकारचं काम आहे. "आणि आपल्याला कुणाचं वाईट करायचं न्हाई. नुसतं म्हायती असावं."

"न्हाई न्हाई," आश्रुबा म्हणाला, "खरं हाय ते सांगायला काय जातंय?"

दुपारी सगळे चाऱ्याच्या रांगेला गेल्यावर त्याने दार लोटून घेतलं. पहिला फोन त्रिंबकचा घेतला. विळा काढला. उघडला. मनाशी म्हणाला, हा तर राजकारणी माणूस, याचं ऐकण्यात पाप नाही. पण त्रिंबकच्या फोनात झेंडे नव्हते. माळावर गर्जणारा त्रिंबक माहेरी जाऊन बसलेल्या बायकोची विनवणी करत होता, ये गं, पोरं तुझं नाव काढतात, मी आवाज चढवणार न्हाई. आश्रुबाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणूनच तो थांबला नाही. दुसरा फोन उघडला. तिसरा उघडला. कुणाची सून गरोदर होती, कुणाला मूळव्याध होती, कुणी भावाला शिव्या घातल्या होत्या. मग हाताला चिकटपट्टीवर 'मुक्ताबाई' लिहिलेला फोन लागला. हिचा कसला पक्ष? पण बोटाने तोवर विळा काढला होता.

मुक्ताबाई विधवा बाई. एकुलता एक म्हाळू कर्नाटकातल्या कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरला ड्रायव्हर होता. त्याचा आवाज खोलीत घुमला. "आई, बुधवारी येतोय. मुकादमानं दोन दिसाची सुट्टी दिलीय. रातच्या गाडीनं निघून सकाळी मांजरसुंब्याला उतरतो. उमापूरच्या पाव्हण्याला सांग, पोरगा यायलाय म्हणून. आन कुणाजवळ बोलू नको. मागल्या बारीचं ध्यानात हाय ना?" त्याखाली मुक्ताबाईने रात्री दावणीशी एकटीने बसून दिलेलं उत्तर होतं. "न्हाई बोलत रे माझ्या राजा. पांढरा सदरा घाल. दाढी करून ये. तुझा बाप आस्ता तर..." आणि पुढे नुसता श्वास.

मागल्या बारीचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हाळूची सोयरीक ठरता ठरता कुणीतरी मुलीकडच्यांच्या कानाला लागलं, पोराला शेत कोरडवाहू, पोरगा दारू पितो, आणि मोडता घातला. पोरगा दारूला शिवत नव्हता. तेव्हापासून सुपारी फुटेपर्यंत मुक्ताबाई तोंडातून अवाक्षर काढणार नव्हती, आणि तिचं काही चुकत नव्हतं. आश्रुबाचे डोळे भरून आले. त्याने फोन पुसून जागेवर ठेवला.

हवालदाराचा फोन आला तेव्हा सांगायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. आणि 'साहेब' म्हणवून घेतलेल्या माणसाकडे काहीच नसणं बरं दिसत नाही.

"झेंड्याचं तर कुठं काय न्हाई. कुणीच येणार न्हाई बाहेरून." मग काहीतरी द्यायलाच हवं म्हणून, "एक आपला म्हाळू येतोय, मुक्ताबाईचा. बुधवारी सकाळी. मांजरसुंब्यावरून."

"बुधवारीच? कशाला?"

सोयरिकीची गोष्ट होती. ती फुटली तर मोडेल, आणि आपल्या तोंडून फुटली तर आपल्याला पाप लागेल. त्याने सभ्य माणसासारखं सांगितलं, "ते काय म्हायती न्हाई बुवा."

फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचं कौतुक वाटलं. सरकारलाही खरं सांगितलं आणि काकूची गोष्टही पोटात ठेवली. गेल्या वर्षीच्या त्रिंबकच्या रास्ता रोकोत म्हाळू पुढे होता आणि तेव्हा पोलिसांनी त्याचं नाव लिहून घेतलं होतं, हे त्याला त्या घडीला आठवलंसुद्धा नाही.

बुधवारी सकाळी मुक्ताबाई खोलीवर आली. डोक्यावरून चापूनचोपून पदर, अंगावर ठेवणीतलं लुगडं. "आश्रुबा, सोसायटीच्या कपबशा देशील का रे थोड्या? पाव्हणे यायलेत."

"कुठले?" आश्रुबाने विचारलं. विचारताना त्याला आतून गुदगुल्या झाल्या, हे पुढे कितीतरी दिवस त्याला आठवत राहिलं.

"आसेच. भावकीतले," ती म्हणाली आणि लगेच खाली मान घातली, कारण तिला खोटं बोलायची सवय नव्हती. मग धीर करून म्हणाली, "तू बी ये टेकायला. घरात गडीमाणूस न्हाई. बोलायला कुणीतरी पायजे."

उमापूरहून मुलीचा बाप आणि चुलता आले. मुक्ताबाईने म्हशीला धुऊन काढलं होतं, गाईंच्या शिंगांना तेल लावलं होतं, दावणीशेजारी ताडपत्री झाडून अंथरली होती. घर बघायला आलेल्यांना तिने मुद्दाम छावणीत बोलावलं होतं. घर पत्र्याचं होतं, पण दुष्काळात एकही जनावर न विकलेली बाई आहे हे दिसावं म्हणून. पाहुण्यांना ते दिसलं. मुलीचा बाप म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "चांगली राखलीय जनावरं." मुक्ताबाईचा चेहरा उजळला. आश्रुबा गडीमाणूस म्हणून मांडी घालून बसला, पावसापाण्याचं बोलला, म्हाळूची तारीफ केली, आणि मनापासून केली.

"पोरगा?" चुलत्याने विचारलं.

"यायलाच हाय," मुक्ताबाई म्हणाली.

पोरगा येईना. फोन लागेना. माळाच्या पलीकडच्या टोकाला मंत्र्यांच्या गाड्या आल्या, सुंदररावांनी हार घातला, फोटो निघाले, एकही काळा झेंडा न दिसता गाड्या धुरळा उडवत गेल्या. चहा पुन्हा गरम झाला. मग त्रिंबक तरातरा चालत आला. कोण बसलंय, कशासाठी बसलंय, ते त्या बिचाऱ्याला काय माहीत. लांबूनच तो ओरडला, "मुक्ताकाकू! म्हाळूला पोलिसांनी उचललं मांजरसुंब्याला! गाडीतून उतरला तसा धरला! ठाण्यात बसवून ठेवलाय!"

मुलीच्या बापाने हातातली कपबशी खाली ठेवली. ठेवताना तिचा आवाजही होऊ दिला नाही. मुक्ताबाई म्हणाली, "पाव्हणं, त्यानं कायबी केलं न्हाई, तुमचीच आण." तो म्हणाला, "न्हाई बाई, आमी कुठं काय म्हणलं. निरोप कळवतो." दोघे उठले, चपला घातल्या. चुलत्याने जाताना म्हशीकडे एकदा पाहिलं. कपांत चहा तसाच राहिला होता.

आश्रुबा ताडपत्रीवर बसूनच राहिला. आपण काय केलं हे त्याला एकदम, आरपार कळलं होतं, आणि आता त्याला सगळ्यांच्या देखत उभं राहायचं होतं.

सगळी छावणी गोळा झाली. त्रिंबक पेटला होता. "आता बोला! पोरगा कधी यायलाय, कुठल्या रस्त्यानं यायलाय, हे पोलिसाला कसं कळलं? काकू, तुमी कुणाजवळ बोललात?"

"कुणाजवळ न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "त्या फोनात तेवढं बोलले."

"फोनात! ऐका! मी सांगत न्हवतो का?"

"काय बी नको बोलू," सुंदरराव म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता आणि ते आश्रुबाकडे बघत नव्हते. "सरकार कशाला ऐकंल?"

"मग कुणी ऐकलं? आश्रुबाला विचारा. त्याला फोनमधलं समदं कळतं. सांग रे, ऐकता येतं का न्हाई सरकारला?"

सगळे आश्रुबाकडे वळले. दोन्ही खाटांची माणसं, धोंडीराम, आणि रिकामा ट्रे हातात धरून उभी असलेली मुक्ताबाई. एक वाक्य बोलायचं होतं. ते त्याच्या घशापर्यंत आलंसुद्धा. पण त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "येतं. सरकारकडं मशीन आस्तंय तसलं."

सरकारसाठी भर माळावर आपला फोन मधोमध ठेवणाऱ्या माणसाने आपलं पाप सरकारच्या गळ्यात घातलं. त्रिंबकने त्याला मिठीच मारली. "शाब्बास! आपला माणूस खरं बोलला!" आश्रुबाला वाटलं, यापेक्षा यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

म्हाळूला संध्याकाळी सोडलं. केस नाही, काही नाही. मंत्री जाईपर्यंत बसवून ठेवायचं होतं, तेवढं बसवलं. पांढरा सदरा मळलेला, दाढी केलेली. तो छावणीत आला, आईजवळ बसून खालच्या आवाजात काहीतरी बोलला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नाटकाला परत गेला. उमापूरहून निरोप आला नाही. येणार नव्हताच.

म्हाळू गेला त्याच दुपारी, चाऱ्याच्या वेळी, मुक्ताबाई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती रांगेला गेली नव्हती.

"हवालदार म्हाळूला काय म्हणला, ठाव हाय?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "म्हणला, तुमच्या छावणीतल्याच माणसानं सांगितलं. म्हाळूनं इचारलं, मी कशाला आलतो ते नसंल का सांगितलं? तर म्हणला, न्हाई. ते त्याला म्हायती न्हवतं."

आश्रुबा फळीजवळ उभा होता. हातात कुणाचातरी फोन होता.

"समदं ऐकलंस ना तू?"

त्याने मान हलवली.

"मग समदं कावून न्हाई सांगितलंस?" मुक्ताबाई म्हणाली. "सोयरिकीला यायलाय, एवढं सांगितलं आस्तंस तर सोडला आस्ता रे माझा पोरगा. त्याचं एकट्याचं कुणी खरं मानलं न्हाई. त्यान्ला झेंड्याचं भ्याव होतं. कुंकवाचं न्हवतं."

"काकू..." आश्रुबा म्हणाला. "तुमची गोष्ट फुटू नये म्हणून..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर त्याने पाय धरले असते. तिला फक्त नवल वाटत होतं. चोराने घरात शिरून देवासमोरचा दिवा तेवढा नीट करून जावा, तसं काहीतरी ती बघत होती. आश्रुबाला आपल्या हातांची किळस आली. त्याने हातातला फोन फळीवर ठेवला, पण हात कुठे ठेवावेत ते कळेना.

मग मुक्ताबाईने कमरेचा फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला. "मला ह्याचं कुलूप बदलायला शिकीव."

दुसरं कोण शिकवणार? माळावर ते येणारा तो एकटाच होता. त्याने फोन घेतला, जुना विळा काढला, जिथे नवा पॅटर्न घालायचा तिथवर आणून परत तिच्या हातात दिला. "आता तुमच्या मनानं काढा. दोनदा. सारखाच." मुक्ताबाईने त्याच्याकडे पाठ केली आणि पदर आडवा धरला. आश्रुबाने तोंड भिंतीकडे फिरवलं. पत्र्याला नाक लावून तो उभा राहिला, तापलेल्या पत्र्याची धग तोंडावर घेत, आणि मागे तिचं बोट काचेवरून चुकत-माकत फिरत राहिलं. तिला फार वेळ लागला. त्याने मदत करू का असं विचारलं नाही.

"झालं," ती म्हणाली. फोन फळीवर ठेवला, वायर जोडली आणि तिथेच दारात पोतं टाकून बसली, फोन भरेपर्यंत.

आश्रुबा वाट बघत होता की आता ती सांगेल. चाऱ्याची रांग संपली, माणसं परत आली, आपापले फोन घ्यायला दाराशी गर्दी झाली. मुक्ताबाई पोत्यावर तशीच. एकेकाचा फोन आश्रुबा देत होता आणि प्रत्येक फोनागणिक त्याला वाटत होतं, आता ती बोलेल. ती बोलली नाही. धोंडीराम पुढे आला आणि आपला फोन पुढे करत म्हणाला, "ठिव रे ह्यो. लेकीचा आवाज आला तर ऐकून ठिव, मी जरा पडतो. इळा तोच हाय."

आश्रुबाने फोन घेतला नाही. "तात्या," तो म्हणाला, "कुलूप बदला आधी. मी दावतो. माझ्यासमोर न्हाई काढायचं."

"आता ह्या वयात? कावून बदलू?"

सगळे ऐकत होते. त्रिंबक होता, सुंदरराव होते. आता आश्रुबाला खरं सांगायला हवं होतं. त्याने मुक्ताबाईकडे पाहिलं. ती आपल्या फोनकडे बघत होती. तशीच बघत ती म्हणाली, "बदला तात्या. सरकारकडं मशीन आस्तंय."

"ऐका!" त्रिंबक म्हणाला, आणि लोकांनी माना हलवल्या. धोंडीराम कुरकुरत बोट पुढे करून उभा राहिला. आश्रुबाने फोन घेतला, जुना विळा काढून दिला, आणि सगळ्यांच्या देखत पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.